मुंगीच्या तोंडात काय गेलं

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने दिली. फुकट होती म्हणून घेतली. तिचं म्हणणं, नातीच्या तोंडात दिवसभरात जे जे जातं ते रोज लिहून ठेवा. सातवी पास आहे मी, लिहीन की! पण तिला वाटतंय त्यासाठी नाही. ती खोटी पडली हे तिच्याच वहीत लिहून तिच्याच टेबलावर आपटायचंय मला.

झालं असं. आमच्या गल्लीतल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांचं रक्त तपासलं. आमच्या मुंगीचा आकडा आला एकोणीस. मुंगी म्हणजे माझी नात, दीड वर्षाची. जमिनीवरचा कण न् कण उचलून तोंडात घालते म्हणून मुंगी. नर्सबाई म्हणते, रक्तात शिसं आहे. खरं तर ते अजिबात असायला नको, आणि पाचच्या वर गेलं की आम्ही घरी येतो. आणि आली की घरी! चपला काढून, गोड गोड बोलत. कोपऱ्यातली जाळी बघितली, माझा मण्यांचा डबा बघितला आणि म्हणाली, "आजी, हे इथून हलवावं लागेल."

हे म्हणजे काय, तर आमचं पोट. मासे धरायच्या जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी बसवायचे, म्हणजे जाळं पाण्यात नीट खाली उतरतं. मण्याला चीर असते. दोरी त्या चिरेत घालायची आणि मणी दाबून बंद करायचा. आजकालच्या पोरी पक्कड घेतात. मी दाताने दाबते. पाच मणी गालात, जिभेने एक पुढे आणायचा, दोरीवर ठेवायचा, कट्ट! हात दोरी ओढायला मोकळे. या गल्लीत माझ्या झपाट्याने कोणी करून दाखवावं, मी तिचे पाय धरीन.

"पंचेचाळीस वर्षं हे मणी माझ्या तोंडात आहेत. मला काय झालं?" मी विचारलं. नर्सबाई माझ्या हिरड्यांकडे टक लावून बघत बसली, जशी काही मी दंतमंजनाच्या जाहिरातीला उभी आहे. मग म्हणाली, "तुम्हीही रक्त देता का तपासायला?" म्हटलं, बाई, माझं रक्त मला लागतं.

सूनबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

५ फेब्रुवारी

मुंगीच्या तोंडात काय गेलं: दूध. अर्धं केळं. माझी चप्पल, डावी. भात, त्यातले बरेचसे घास मी चावून दिले, दाढा यायच्या आहेत अजून. चमचा. उंबऱ्याजवळची माती, चिमूटभर. एक मणी.

मणी मी लगेच काढला. लिहिणार नव्हते, पण खोटंच लिहायचं तर वही कशाला? आणि एक मणी म्हणजे काय मोठंसं! इथल्या सगळ्यांच्या पोरांनी मणी चोखलेत. माझा मुलगा तर मुठीत मणी धरूनच झोपायचा. आज बोटीवर खलाशी आहे, धडधाकट. शाळेत जरा मागे पडला, चौथीत तीनदा बसला. मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात काही थांबतच नाही. ते मास्तरच तसले होते.

९ फेब्रुवारी, रविवार

भांडण. सूनबाई शेवटी बोलली. "आई, जाळी घराबाहेर गेली पाहिजेत. नाहीतर मी मुंगीला घेऊन माझ्या आईकडे जाते." तिची आई राहते बसने एका दिवसाच्या वाटेवर. "जा" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. गिळला. मुंगी माझ्याशिवाय कोणाच्या हातून जेवत नाही. तिला नेली तर मी दिवसभर करू काय, भिंतींशी बोलू?

तशीच उठले आणि आरोग्य केंद्रात गेले. म्हटलं, "बाई, पैज. तुम्ही सांगाल ते सगळं करते. तीन महिन्यांनी परत रक्त बघा. आकडा उतरला तर मी मणी सोडते. नाही उतरला तर तुम्ही आमच्या गल्लीत येऊन सगळ्यांसमोर माझी माफी मागायची."

ती हसली नाही. कागद घेतला आणि लिहू लागली. काम घराबाहेर. घरात शिरताना कामाचे कपडे दाराशीच उतरवायचे, ते वेगळे धुवायचे. हात कोपरापर्यंत साबणाने. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. पोरीला दूध, अंडी, पालेभाजी. शेवटी लिहिलं, मणी तोंडात धरू नका.

ती शेवटची ओळ मी तिथेच तिच्याच पेनाने खोडली. "तोंड माझं आहे," म्हटलं, "पैज मुंगीची लागलीय." तिने पुष्कळ समजावलं. मी ऐकते थोडीच?

आता बघाच. असे नियम पाळून दाखवते की बोट ठेवायला जागा मिळणार नाही.

२० फेब्रुवारी

अंगणात ताडपत्री बांधून काम करते. ऊन तोंडावर. आत जाताना कपडे बदल, हात धू, पुन्हा बाहेर, पुन्हा कपडे. दिवसातून सहा वेळा. शेजारीण, जिला सगळे भोंगा म्हणतात कारण ती कुजबुजली तरी नाक्यावर ऐकू जातं, ती आज ओरडली, "मावशी, लग्न आहे का घरात? किती वेळा कपडे बदलतेस!" म्हटलं, आहे, तुझंच लावतेय, तू तयार राहा.

फरशी रोज दोनदा पुसते. पिळताना उजवं मनगट लटकं पडतं, फडकं हातातून सुटतं. म्हातारपण. पोटात नेहमीसारखं मुरडून दुखतंय. ओवा खाल्ला.

तोंडात काय गेलं: दूध, अंडं, पालक (थुंकली), बटाटा चावून दिला, तो गपकन गेला. मणी नाही. माती नाही. खेळण्यातला घोडा धुऊन दिला, त्याचं शेपूट.

३ मार्च

ठेकेदार आला, मोठ्या जाळ्याची ऑर्डर घेऊन. याच्या बापाच्या वेळेपासून आम्ही याची जाळी करतोय. त्याच्यासमोरच भोंग्याच्या सुनेशी माझी चढाओढ लागली. तिच्या हातात पक्कड, माझ्याकडे माझे दात. तिचे चाळीस होईपर्यंत माझे साठ झाले. ठेकेदार टाळ्या वाजवत म्हणाला, "मावशी, तुमचं तोंड म्हणजे मशीन आहे!" गल्ली हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तशीच आत गेले. कपडे बदलले, हात कोपरापर्यंत धुतले, नखंसुद्धा घासली. मुंगी "आज्जी, आऽऽ" करून तोंड वासून बसलेलीच. बटाटा चावून चावून भरवला, सगळी वाटी संपली. सूनबाई बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या हातून ही पोरगी दोन घासही खात नाही. वाईट वाटतं मला तिचं, अगदी थोडंसं.

१७ मार्च

विशेष काही नाही. तोंडात काय गेलं: नेहमीचंच. भात चावून, केळं, दूध, माझी बोटं (धुतलेली). मुलाचा फोन आला, बोट अजून महिनाभर लागणार नाही किनाऱ्याला. कुठल्या बंदरात आहे विचारलं तर नावच आठवेना त्याला. लहानपणापासून असाच.

११ एप्रिल

मुंगी चिडचिडी झालीय. झोपत नाही नीट. भोंग्याची नात हिच्याच वयाची, ती दोन-दोन शब्द जोडून बोलते. आपली अजून एकेका शब्दावर. सूनबाईने विचारलं, "आई, हे बरोबर आहे का?" म्हटलं, तुझा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काय चुकीचं बोलले?

६ मे, मंगळवार

बावीस.

उतरला नाहीच, उलट चढला. मी केंद्रातून घरापर्यंत हसत आले. गल्लीत सगळ्यांना ओरडून सांगितलं, "जिंकले! परवा येते ती माफी मागायला!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

घरात आले तर सूनबाई बॅग भरत होती. मुंगीचे फ्रॉक, मुंगीची वाटी, शेपूट चावलेला घोडा. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "तुम्ही सगळं केलंत आई, मी बघितलंय. तरी चढला. म्हणजे विष या घरातच आहे, भिंतीत असेल, मातीत असेल. मी नाही ठेवत इथे तिला." शनिवारची बस धरणार.

पैज मी जिंकले आणि पोरगी चालली. हे असं कसं झालं ते मला कळत नाही. पण नर्सबाईला सोडणार नाही. तिने नियमच चुकीचे दिले असतील.

८ मे

ती गल्लीत येईपर्यंत मला थांबवेना.

केंद्रात गेले. माफी बघायला म्हणून गल्लीतल्या दहा-बारा जणी आल्या होत्या, भोंगा सगळ्यात पुढे. सूनबाई मुंगीला कडेवर घेऊन भिंतीशी उभी. नर्सबाई म्हणाली, "माफी मागते. माझं चुकलं असेल तर मलाही कळायला हवं. आधी वही बघू या का?" म्हटलं, बघायची कशाला, मीच वाचते. ऐकू दे सगळ्यांना.

उभी राहून वाचायला लागले, मोठ्याने. चप्पल आली तेव्हा बायका हसल्या. घोड्याच्या शेपटाला हसल्या. मी पानं उलटतेय आणि वाचतेय: दूध, अंडं, बटाटा चावून दिला. भात चावून दिला. पाव चावून दिला. मणी नाही, माती नाही. भात चावून दिला. आणि ठसक्यात म्हणाले, "सांगा आता, यातलं काय वाईट आहे?"

नर्सबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. तेवढ्यात भोंगा, तिच्या त्या आवाजात: "अगं मावशी, तू चावून देतेस तेव्हा मणी कुठे असतात?"

"काढून ठेवते की डब्यात! बावळट समजलीस का मला? हात धुते, कपडे बदलते..."

"आणि तोंड?"

"काय तोंड?"

"तोंड धुतेस का, मावशी?"

नाही. तोंड कोण धुतं! तोंड माझं आहे, असं मीच म्हटलं होतं. तिची ती ओळ मीच खोडली होती, तिच्याच पेनाने.

नर्सबाई हळूच म्हणाली, दात रोज शिसं चावतात, त्याची भुकटी थुंकीत उतरते, दातांच्या फटीत बसते. मी नीट ऐकलं नाही. मी बायकांकडे बघत होते. एकीचीही मान वर नव्हती. आमच्याकडे सगळ्याच चावून भरवतात ना. माझ्या आईने मला भरवलं, मी भरवलं. त्याहून मायेचं काही आम्हाला ठाऊकच नाही. भोंगा बाकावर मटकन बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकू आला नाही.

मुंगी सूनबाईच्या कडेवरून माझ्याकडे झेपावत होती. "आज्जी, आऽऽ."

९ मे

पोरगा. चौथीत तीनदा. त्यालाही मीच भरवलं होतं. दोन वर्षांचा होईपर्यंत, रोज.

मास्तरांना मी काय काय बोलले होते.

१० मे, शनिवार

सकाळी बॅग दाराशी होती. मी सूनबाईला म्हटलं, "तू कशाला जातेस? विष भिंतीत नाही, ते कुठे आहे हे कळलंय आता. जायचं तर मी जाते. जाळ्यांच्या शेडमध्ये राहीन."

तिने मुंगीला खाली ठेवलं. मग बॅग उघडली आणि मुंगीची वाटी बाहेर काढली. "कोणी कुठे जायचं नाही," म्हणाली. "पण आई, यापुढे तुम्ही भरवायचं नाही. आणि तोंडात मणी, नाही म्हणजे नाही. तोंड तुमचं असलं तरी." आयुष्यात मला कोणी असं दटावलं नव्हतं. मी बरं म्हणाले.

मग मण्यांचा डबा उचलला आणि तडक ठेकेदाराचं ऑफिस गाठलं. वही टेबलावर आपटायची राहिली होती, डबा आपटला. "घे तुझं शिसं. आजपासून माझ्या घरात एक मणी येणार नाही."

तो हसला. "मावशी, मणी नको तर काम नको. पलीकडच्या वाडीत चाळीस जणी वाट बघतायत."

"बघू," म्हटलं.

१३ मे

मुंगी तीन दिवस जेवत नाहीये. सूनबाई बटाटा काट्याने मऊ करते, भात कुस्करते, गाणी म्हणते. ती मान फिरवते आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवते. मी अंगणात पाठ करून बसते, मला दिसू नये म्हणून. पण ऐकू येतं. हे मी कोणाला सांगणार नाही, इथेच लिहिते: आज मी रडले.

१५ मे

सूनबाईच्या हातून अर्धी वाटी खाल्ली. मला आनंद व्हायला हवा होता. आधी नाही झाला. मग झाला.

१९ मे

पलीकडच्या वाडीत गेले, वही घेऊन. चौथा दिवस आज. नळावर बायका जमतात तिथे उभी राहते आणि पहिल्या पानापासून वाचते. सगळं. "तोंड माझं आहे" तेसुद्धा. आकडे सांगते, एकोणीस, मग बावीस. मग विचारते, तुमच्यातलं कोण कोण चावून भरवतं?

आज एका दाढीवाल्याने हटकलं. "स्वतःच्या घरची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडताना लाज नाही वाटत?"

"वाटते ना," म्हटलं. "म्हणूनच मोठ्याने वाचते. मनातल्या मनात वाचली तर लाज एकट्या मलाच वाटेल." त्याची बायको मागे उभी होती, पोर खांद्यावर. ती म्हणाली, "मावशी, ते भात चावून दिल्याचं पान परत वाचा." मी परत वाचलं.

भोंगाही येते माझ्याबरोबर आता. माझा आवाज बसला की ती वाचते. तिला अक्षरं धड लागत नाहीत, पण ऐकू मात्र तीन वाड्यांना जातं.

१२ जून

ठेकेदाराची जाळी पडून राहिली. आमच्या गल्लीत कोणी मणी घरात घेत नाही, पलीकडच्या वाडीतही नाही. पंधरा दिवसांमागे तो स्वतः आला, खाली बसला, पाणी मागितलं. "मावशी, नक्की काय पाहिजे तुम्हाला?"

म्हटलं, तुझ्या धक्क्यावरच्या शेडमध्ये बसवू मणी. तिथे नळ पाहिजे, साबण पाहिजे. प्रत्येकीला पक्कड. कामाचे कपडे तिथेच राहतील, तिथेच धुतले जातील. पोरं शेडच्या आसपास फिरकणार नाहीत. जुन्या जाळ्यांतून काढलेले, राखाडी भुकटी सुटलेले मणी घराघरात पाठवायचे नाहीत. आणि लोखंडी कड्या आणून बघ, शिशाशिवाय जाळं बुडतं की नाही.

"लोखंड गंजतं."

"गंजू दे. पोरं नाही गंजणार."

तो पुटपुटत गेला. नळ मात्र लावून घेतला आठवड्याभरात. कड्या आणल्या त्या हलक्या निघाल्या, जाळं तरंगतं. जाड कड्या मागवल्यात. दोन घरांत अजून चोरून मणी नेतात, मला माहीत आहे कोणती ती. रोज संध्याकाळी त्यांच्या पायरीवर जाऊन बसते, वही मांडीवर घेऊन. काही बोलत नाही. आज त्यातल्या एकीने डबा माझ्या हातात आणून दिला आणि दार आपटलं.

८ ऑगस्ट

मुंगी: चौदा.

सूनबाईने तिथेच माझा हात घट्ट धरला. नर्सबाईने आम्हाला उगाच गोड गोड सांगितलं नाही. आकडा उतरत राहील, पण जे झालं ते सगळं भरून येईलच असं नाही, हिच्याशी खूप बोला, बोलण्याकडे लक्ष ठेवा, दर तीन महिन्यांनी आणा. आणू. दर तीन महिन्यांनी त्यांच्या छातीवर येऊन बसू.

मग तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बाही वर केली. "घ्या एकदाचं," म्हटलं.

माझा आला त्रेचाळीस. गल्लीत पहिली, अजूनही! नर्सबाई म्हणाली, मनगट लटकतं ते यानेच असणार, पोटातलं दुखणंही, हिरड्यांवरची निळसर रेघही. म्हणजे ते म्हातारपण नव्हतंच. मोठ्या दवाखान्यात जायचंय पुढच्या आठवड्यात. दोन दात हलत होते, ते आजच काढून घेतले. मशीन बंद.

मुलाचा फोन आला होता. त्याला अजून सांगितलेलं नाही. घरी आला की समोर बसवून सांगेन, वही त्याच्या हातात देऊन. तो हळूहळू वाचतो. मी थांबेन.

१० ऑगस्ट, रविवार

मुंगीला दाढा आल्या. चार. दिवसभर तोंड वासून सगळ्यांना दाखवतेय.

दुपारी जेवायला बसलो. ती तिच्या वाटीतला पाव आपल्या हाताने खात होती, अर्धा तोंडात, अर्धा फ्रॉकवर. मी पावाचा तुकडा दुधात भिजत घातला होता, हिरडी दुखते म्हणून. ती बघत होती माझ्याकडे. काय वाटलं कोण जाणे, उठली, तिच्या तोंडातला चावलेला पावाचा घास बोटांनी बाहेर काढला आणि माझ्या ओठांपाशी धरला. "आज्जी, आऽऽ."

मी सूनबाईकडे बघितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मानेनेच हो म्हटलं.

आजीच्या तोंडात काय गेलं: पावाचा एक घास. मुंगीने चावलेला.